नाताळचा तारा आणि केप्लर

डिसेंबर महिना आला की बाजारात रंगीत कागदाच्या चांदण्या दिसू लागतात. ख्रिस्ती बांधव त्या आपल्या घरांवर आणि चर्चच्या दारात टांगतात. आत दिवा लावला की त्या रात्रभर चमकतात. २५ डिसेंबरच्या नाताळची ही तयारी असते. पण नाताळात चांदणीच का लावतात, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

त्यामागे एक जुनी कथा आहे. येशू ख्रिस्त, म्हणजे ज्यांना तुम्ही हजरत ईसा या नावाने ओळखता, त्यांचा जन्म बेथलेहेम गावी झाला असे बायबलमध्ये सांगितले आहे. त्या वेळी पूर्वेकडच्या काही ज्ञानी पुरुषांना आकाशात एक तारा दिसला. एक थोर बालक जन्माला आले आहे, असे त्यांनी त्यावरून ओळखले. ते प्रवास करीत जेरुसलेमला आले. तेथे हेरोद नावाचा राजा राज्य करीत होता. ज्ञानी पुरुषांनी बालकाची चौकशी केली आणि ते बेथलेहेमकडे निघाले. तारा त्यांच्या पुढे चालत राहिला आणि बालक होते त्या जागेवर येऊन थांबला, अशी ही कथा आहे.

ही कथा युरोपातील लहानथोर सर्वांना पाठ होती. पण तो तारा कोणता होता? तो कोणत्या साली दिसला असेल? आकाशाचे गणित मांडून या प्रश्नांचा माग काढणाऱ्यांमध्ये एक नाव फार मोठे आहे. ते म्हणजे योहान्स केप्लर. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात, याचे नियम शोधणारा हाच तो शास्त्रज्ञ. त्याची हकिगत आज आपण वाचणार आहोत.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहान गावात झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. वडील पैसे घेऊन लढणारे शिपाई होते. ते पुनःपुन्हा घर सोडून लढाईवर जात आणि शेवटी एकदा गेले ते परत आलेच नाहीत. आई काटारिना ही खाणावळवाल्याची मुलगी. तिला औषधी झाडपाल्याची चांगली माहिती होती. लहानपणी योहान्सला देवी आल्या. त्या आजारातून तो वाचला, पण त्याची दृष्टी कायमची अधू झाली आणि हातही दुबळे राहिले. दूरची वस्तू त्याला नीट दिसत नसे. एका वस्तूच्या जागी अनेक दिसत. असा मुलगा पुढे आकाशाचा अभ्यास करील, असे कोणाला वाटले असते?

पण त्याच्या मनात आकाशाची ओढ निर्माण केली ती त्याच्या आईनेच. १५७७ साली एक मोठा धूमकेतू दिसू लागला. आई सहा वर्षांच्या योहान्सला हाताशी धरून एका उंच जागी घेऊन गेली आणि तिने त्याला तो धूमकेतू दाखवला. ती आठवण त्याने जन्मभर जपली.

योहान्स हुशार होता. गरीब पण बुद्धिमान मुलांना मिळणाऱ्या मदतीवर तो शिकला. १५८९ साली तो ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. तेथे मेस्टलिन नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. कोपर्निकसचे मत त्यांनी त्याला समजावून सांगितले. पृथ्वी स्थिर नाही. ती इतर ग्रहांप्रमाणे सूर्याभोवती फिरते, असे ते मत होते. केप्लरला ते मनोमन पटले.

१५९४ साली ग्राझ या शहरातील शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली. केप्लरला तेथे पाठवण्यात आले. त्याच्या वर्गात फार थोडे विद्यार्थी येत. शिकवण्याबरोबर दर वर्षाचे पंचांग तयार करणे, हेही त्याचे काम होते. त्या पंचांगात हवामानाचे आणि राजकारणाचे भाकीत लिहावे लागे. त्या काळी खगोलशास्त्र आणि फलज्योतिष वेगळे झाले नव्हते. केप्लर बाजारू ज्योतिषावर टीका करी, पण ग्रहांचा पृथ्वीवर काही परिणाम होतो असे त्यालाही वाटे. आज विज्ञान हे मानत नाही. मोठी माणसेही आपल्या काळाची असतात, हे आपण लक्षात ठेवावे.

पुढे ग्राझमध्ये धर्मपंथांचे वाद वाढले. आपला पंथ बदलायला केप्लरने नकार दिला. त्यामुळे १६०० साली त्याला बायकामुलांसह शहर सोडावे लागले. तो प्रागला गेला. तेथे सम्राट रूडॉल्फच्या पदरी टायको ब्राहे हा थोर खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी ग्रहांच्या स्थानांच्या इतक्या अचूक नोंदी कोणीच केल्या नव्हत्या. केप्लर त्याचा मदतनीस झाला. १६०१ साली टायको वारला आणि सम्राटाने त्याच्या जागी केप्लरला राजगणितज्ञ नेमले. एकाकडे नोंदी होत्या, दुसऱ्याकडे गणित होते. जणू डोळे टायकोचे आणि बुद्धी केप्लरची, असे काम सुरू झाले.

केप्लरने मंगळाचे कोडे हाती घेतले. ग्रह वर्तुळातच फिरतात, असे सारे विद्वान दोन हजार वर्षे मानत आले होते. केप्लरनेही तसेच धरून कित्येक महिने आकडेमोड केली. शेवटी उत्तर जवळजवळ जुळले. फरक राहिला फक्त ८ कलांचा. हा फरक किती, ठाऊक आहे? पौर्णिमेचा चंद्र आपल्याला जेवढा रुंद दिसतो, त्याच्या साधारण चौथ्या भागाएवढा. दुसरा कोणी असता तर तिकडे दुर्लक्ष करून मोकळा झाला असता. पण टायकोच्या नोंदीत एवढी चूक असणार नाही, हे केप्लरला माहीत होते. म्हणून त्याने नोंद खोटी मानली नाही. स्वतःचे गणित मोडून टाकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा त्याला दिसले, की मंगळाचा मार्ग वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे आणि सूर्याजवळ आल्यावर मंगळाचा वेग वाढतो. १६०९ साली त्याने हे दोन नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

याच प्रागमध्ये राहत असताना त्याची नाताळच्या ताऱ्याशी गाठ पडली. ती कशी, ते आता पाहू.

डिसेंबर १६०३ मध्ये आकाशात गुरू आणि शनी एकमेकांच्या जवळ आले. उर्दूत तुम्ही यांना मुश्तरी आणि जुहल म्हणता. दोन ग्रह असे जवळ दिसले, की त्याला युती म्हणतात. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे लागतात, तर शनीला सुमारे साडेएकोणतीस. म्हणून दर २० वर्षांच्या आसपास गुरू शनीला गाठतो. या युतींना फार महत्त्व देण्याची परंपरा जुनी होती. ९ व्या शतकात बगदादमध्ये अबू माशर नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याच्या अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे युरोपात वाचली जात. मोठ्या युतीनंतर जगात मोठा बदल होतो, ही कल्पना त्या ग्रंथांतून तेथे पसरली होती.

त्यामुळे पुढे काय होते, याकडे विद्वानांचे डोळे लागले होते. १६०४ च्या शरदात मंगळही या दोन ग्रहांजवळ आला. आणि त्याच सुमारास, ऑक्टोबर महिन्यात, त्यांच्या शेजारीच एक नवा तारा झळकू लागला! पूर्वी तेथे काहीच दिसत नव्हते. प्रागमध्ये आकाश ढगाळ होते, म्हणून केप्लरला काही दिवस वाट पाहावी लागली. १७ ऑक्टोबरला त्याने तो स्वतः पाहिला. तारा गुरूएवढा तेजस्वी होता. पुढे तो हळूहळू मंद होत गेला आणि साधारण दीड वर्षाने दिसेनासा झाला. केप्लरने त्याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १६०६ साली त्यावर एक ग्रंथ लिहिला.

आता केप्लरच्या मनात एक विचार आला. तीन ग्रह एकत्र आले आणि नवा तारा दिसला. असेच पूर्वीही घडले असेल का? त्याने आकड्यांच्या साह्याने सोळाशे वर्षे मागे प्रवास केला. त्याला आढळले, की इ. स. पूर्व ७ साली गुरू आणि शनी यांची युती मीन राशीत झाली होती आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मंगळही त्यांच्या जवळ आला होता. तेव्हाही असाच एखादा नवा तारा उगवला असेल आणि ज्ञानी पुरुषांनी तोच पाहिला असेल, असे केप्लरला वाटले.

पण येथे एक अडचण होती. इसवी सन तर येशूच्या जन्मापासून मोजतात. मग जन्माचा तारा इ. स. पूर्व ७ किंवा ६ या सालांच्या जवळपास कसा असेल? याचे उत्तर केप्लरने इतिहासात शोधले. इसवी सनाची मोजणी ६ व्या शतकात एका धर्मोपदेशकाने ठरवली होती. त्याच्या हिशेबात काही वर्षांची चूक राहिली होती. हेरोद राजा इ. स. पूर्व ४ च्या सुमारास वारला. कथेप्रमाणे येशूचा जन्म हेरोदच्या हयातीत झाला. तेव्हा जन्मसाल त्याच्याही आधीचे असले पाहिजे. पोलंडच्या एका विद्वानाने १६०५ साली असेच मत मांडले होते. केप्लरने ते तपासले आणि १६१४ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इसवी सनाची सुरुवात काही वर्षे उशिरा धरली गेली, हे आज बहुतेक इतिहासकार मान्य करतात.

मुलांनो, केप्लर पक्का धार्मिक होता. तरीही धर्मकथेतील ताऱ्याचे गणित मांडणे त्याला गैर वाटले नाही. ईश्वराने सृष्टी नियमाने रचली आहे आणि ते नियम शोधणे ही एक प्रकारची उपासनाच आहे, अशी त्याची धारणा होती.

केप्लरच्या तर्काविषयी आजचे विज्ञान काय सांगते? युतीविषयीचे त्याचे गणित खरे ठरले. इ. स. पूर्व ७ मध्ये तर गुरू आणि शनी एकाच वर्षात तीनदा जवळ आले, असे आता अचूक सांगता येते. मे महिन्यात, नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि पुन्हा डिसेंबरमध्ये. तीनदा कसे? तुम्ही वेगाने जाणाऱ्या आगगाडीत बसला आहात, असे समजा. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी त्याच दिशेने सावकाश चालली आहे. तुमची गाडी तिला मागे टाकू लागली, की ती उलट्या दिशेने जात असल्याचा भास होतो. आपली पृथ्वी गुरू आणि शनी यांच्यापेक्षा वेगाने फिरते. ती त्यांना मागे टाकते, तेव्हा ते ग्रह काही महिने मागे सरकताना दिसतात आणि मग पुन्हा पुढे जातात. या पुढे-मागे जाण्यात कधीकधी त्यांची तीन वेळा भेट होते.

परंतु त्या युतीत दोन्ही ग्रह मिळून एक तारा दिसला नसणार. त्यांच्यात सुमारे एक अंशाचे अंतर होते. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा. तिच्यामागे जेवढे आकाश झाकले जाते, साधारण तेवढे हे अंतर. म्हणजे ते दोन वेगळे ठिपकेच दिसले असतील.

नव्या ताऱ्याचे काय? केप्लरने पाहिलेला तारा खरे तर नवा जन्मलेला नव्हता. तो एका जुन्या ताऱ्याचा प्रचंड स्फोट होता. अशा ताऱ्याला अतिनवतारा म्हणतात. गुरूचा प्रकाश आपल्यापर्यंत तासाभराच्या आत पोहोचतो. या स्फोटाचा प्रकाश मात्र हजारो वर्षे प्रवास करून १६०४ साली पृथ्वीवर आला. तेव्हा ग्रहांच्या भेटीमुळे तारा उगवला, हे शक्य नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, आकाशाच्या एकाच भागात दिसल्या, हा केवळ योगायोग होता. केप्लरच्या तर्काचा हा दुवा तुटला.

आणखीही तर्क आहेत. इ. स. पूर्व ५ मध्ये चीनच्या ज्योतिर्विदांनी शेपटीचा एक तारा सत्तरपेक्षा जास्त दिवस दिसल्याची नोंद केली आहे. तो धूमकेतू असावा. काहींच्या मते बेथलेहेमचा तारा तोच. पण कोणताही ग्रह किंवा धूमकेतू एका घरावर येऊन थांबत नाही. आकाशातील प्रत्येक ज्योती सर्व गावांवर सारखीच दिसते. म्हणून त्या काळी आकाशात काय दिसले असेल, एवढे विज्ञान सांगू शकते. कथेतील तारा तोच, असे मात्र ते ठामपणे सांगू शकत नाही. तो भाग श्रद्धेचा आहे. माहीत आहे ते आणि माहीत नाही ते वेगळे ठेवणे, हीच शास्त्राची शिस्त आहे.

ही शिस्त केप्लरच्या अंगी होती. आपल्या अधू डोळ्यांना नीट का दिसत नाही, याचाही त्याने विचार केला. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम या थोर शास्त्रज्ञाचा प्रकाशावरील ग्रंथ लॅटिनमध्ये उपलब्ध होता. त्या परंपरेचा अभ्यास करून केप्लर पुढे गेला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर वस्तूची उलटी प्रतिमा पडते आणि चष्म्याच्या भिंगामुळे ती स्पष्ट होते, हे त्याने १६०४ साली दाखवून दिले. १६११ च्या नववर्षाला त्याने आपल्या एका मित्राला छोटेसे पुस्तक भेट दिले. हिमकणाला नेहमी सहाच कोपरे का असतात, हा त्या पुस्तकाचा विषय. त्याने अनेक कारणे तपासली आणि शेवटी नेमके कारण आपल्याला सापडले नाही, असे मोकळेपणाने लिहिले. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी रचनेत जोडले जातात, हे उत्तर फार पुढे मिळाले.

पण ऐकीव गोष्ट तपासून पाहण्याच्या या सवयीची खरी परीक्षा पुढे झाली. १६११ साली त्याचा लाडका मुलगा देवीच्या आजाराने गेला. त्याच वर्षी पत्नीही वारली. सम्राटाची सत्ता गेली. केप्लर लिंझ शहरी जाऊन राहिला. १६१५ साली गावाकडून भयंकर बातमी आली. त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला होता! एका बाईला आजार झाला होता. काटारिनाने दिलेल्या पेयामुळे तो झाला, असे ती सांगू लागली. मग शेजारीपाजारी आपापल्या दुखण्यांचे खापर तिच्यावर फोडू लागले. त्या काळी अशा आरोपाखाली कित्येक निरपराध स्त्रियांना जिवंत जाळले जाई.

१६२० साली सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हातारीला अटक झाली. चौदा महिने तिला साखळदंडात ठेवले. केप्लर आपले काम बाजूला ठेवून दूरच्या गावी गेला. मंगळाच्या नोंदी तपासाव्यात तशी त्याने प्रत्येक साक्ष तपासली. कोणत्या आजाराचे साधे, नैसर्गिक कारण काय, कोणाच्या बोलण्यात मेळ नाही, हे त्याने एकेक करून लेखी मांडले. आईला छळाची हत्यारे दाखवून धमकावण्यात आले, तरी तिने खोटी कबुली दिली नाही. अखेर ऑक्टोबर १६२१ मध्ये तिची सुटका झाली. परंतु तिचे शरीर खचले होते. सहा महिन्यांनी ती वारली. ज्या आईने त्याला धूमकेतू दाखवला, तिला अफवेच्या तोंडून त्याने सोडवून आणले होते.

या धामधुमीतही केप्लरचे काम थांबले नाही. ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर आणि त्याच्या फेरीचा काळ यांचा संबंध सांगणारा तिसरा नियम त्याला १६१८ साली सापडला. याच नियमांच्या आधारे पुढे न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडता आला. १६२७ साली त्याने ग्रहांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. ती पूर्वीच्या सर्व कोष्टकांहून अचूक होती. पण त्याचा पगार नेहमी थकलेला असे. ती बाकी वसूल करण्यासाठी तो थंडीच्या दिवसांत घोड्यावरून रेगेन्सबुर्गला गेला. तेथे तो तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी त्याचे निधन झाले. युद्धात त्याची कबरही नष्ट झाली. मात्र १६३१ साली बुध ग्रह सूर्यबिंबावरून जाताना दिसेल, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी, पॅरिसमध्ये गासेंदी या विद्वानाने ते दृश्य पाहिले. केप्लर नव्हता, पण त्याचे गणित खरे ठरले.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी पुन्हा एकमेकांच्या अगदी जवळ आले. १६२३ नंतर, म्हणजे केप्लरच्या हयातीनंतर, ते इतके जवळ आले नव्हते. सूर्य मावळल्यावर आपल्या महाराष्ट्रातूनही ते दृश्य दिसले. नाताळ जवळ असल्यामुळे अनेकांनी त्याला नाताळचा ताराच म्हटले. गुरू आणि शनी यांची पुढची युती २०४० साली होईल. तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल. तेव्हा आवर्जून आकाशाकडे पाहा आणि शेजारी एखादे लहान मूल असेल, तर त्याला हाताशी धरून तेही दाखवा.